३ वर्षं, ६० लाख आणि एक दुष्काळी गाव

प्रश्न असा आहे की कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) मराठवाड्यातल्या एका दुष्काळी गावासाठी ३ वर्षं आणि ६० लाख रुपये मिळालेत, प्रपोजलवर 'शाश्वत विकास आणि दारिद्र्य निर्मूलन' असं मोठ्या अक्षरात छापलंय, तर आता नेमकं काय करायचं म्हणजे १० वर्षांनी त्या गावात गेलो तरी काहीतरी शिल्लक दिसेल, आणि गाव निवडायचं कसं.

प्रश्न आवडला. बहुतेक जण 'एवढ्यात किती बंधारे बसतील' एवढंच विचारतात.

आधी माझं सांगते. २६ वर्षं पाणलोटाच्या कामात आहे (म्हणजे पावसाचं पाणी आणि माती गावातच अडवायची), नगर (आता अहिल्यानगर), बीड, जालना हा पट्टा, सुरुवात गावातली सोशल वर्कर म्हणून केली आणि अजूनही जीव तिथेच रमतो. इंजिनिअर नाही मी, त्यामुळे बांधाचा सेक्शन किती घ्यायचा ते मला विचारू नका, पण बांध झाल्यावर गावात काय होतं ते मात्र भरपूर पाहिलंय, चांगलं पण आणि वाईट पण.

तर ६० लाख कमी नाहीयेत, वेळ कमी आहे. पहिलं वर्ष नुसतं गावात चहा पिण्यात जातं आणि ते जाऊ द्यावं लागतं. कोणाचं कोणाशी बोलणं नाही, कोणत्या वस्तीवरचे लोक ग्रामसभेला येतच नाहीत, डोंगराकडची गायरान जमीन कोण कसतोय, हे सर्व्हे फॉर्म भरून कळत नाही. एक कामाची गोष्ट सांगते, सीएसआरच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे चालू प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे ३ वर्षं मिळू शकतात, म्हणजे फेब्रुवारीत उद्घाटन उरकण्यापेक्षा एप्रिलमध्ये सुरू केलं तर जवळपास ४ वर्षं हातात येतात. तुमच्या फायनान्सवाल्यांशी आत्ताच बोलून घ्या, नंतर ऐकणार नाहीत.

कामाचा क्रम माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि झाडं, मग शेतात बांधबंदिस्ती, मग ओढ्यात दगडी बांध, गॅबियन (तारेच्या जाळीत बांधलेले दगड), आणि सगळ्यात शेवटी खाली सिमेंट बंधारा. हे उलटं केलं की वरची माती वाहून येते आणि बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. पण उलटंच होतं बहुतेक ठिकाणी, कारण बंधाऱ्यावर नाव टाकता येतं, चरावर कोण नाव टाकणार! आणि प्लॅन करताना गट नंबर घेऊन प्रत्येक शेतावर जायचं, नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करायचं. नवरा म्हणतो इथे ताल (बांध) टाका, बायको म्हणते तिथे नको तिथून वाट आहे पाण्याला जायची. दोघं नसतील तर त्या दिवशी ते शेत सोडून द्यायचं.

हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल. मला जे सांगायचंय ते एवढंच की पाणी कोणाचं, किती आणि कशासाठी हे पाणी यायच्या आधी ठरवून घ्या. पाणी आल्यावर कोणी मिटिंगला येत नाही. खरंच नाही येत.

आता हिशोब बघा, हा मी प्रत्येक गावात फळ्यावर करून दाखवते. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर धरा आणि पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे वरून पडलं ५०० कोटी लिटर. ऐकून लोक खूष होतात. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट, त्यात मुरतं साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५० कोटी. १५०० लोकवस्ती, माणशी रोज ५५ लिटरने वर्षाला ३ कोटी, जनावरं धरून ५ कोटी समजा. राहिले ४५. उसाला हेक्टरी वर्षभरात दोन कोटी लिटर तरी लागतं, पावसाने दिलेलं वजा करा, दीड कोटी धरा. म्हणजे ३० हेक्टर ऊस, ७५ एकर, की गावाचं सगळं पाणी संपलं. तेच ४५ कोटी हरभऱ्याला दोन संरक्षित पाणी (पीक सुकू नये एवढ्यापुरतं) द्यायला वापरलं तर हेक्टरी १२ लाख लिटर लागतं आणि ३७५ हेक्टर भिजतं. कागदावरचा हिशोब आहे, वाहून जाणारं, उडून जाणारं यात नाही, तुषार-ठिबक पण नाही, पण अंदाज यायला पुरे. ७५ एकर ऊस कितीजणांचा असतो? दहा-बारा घरांचा. आणि गावात खातेदार असतात तीनशे.

मी फळ्यावर हा आकडा लिहिला की पुढच्या रांगेतले कुजबुजायला लागतात आणि मागचे सरसावून बसतात. तेवढ्यावरून मला कळतं ऊस कोणाला लावायचाय.

हे का सांगते तर मी स्वतः भोगलंय. एक गाव, नाव नको, आष्टीकडचं. २००५ च्या सुमारास आमचं काम पूर्ण झालं. एप्रिलमध्ये विहिरींना १५ फूट पाणी उभं, टँकर बंद, आमचा सत्कार, शाल-श्रीफळ, मी पण रडले वगैरे. चार वर्षांत तिघांनी ऊस लावला, मग त्यांचं बघून आणखी काहींनी, मग विहिरीला पाणी कमी पडतंय म्हणून बोअर, मग शेजाऱ्याचा बोअर खोल गेला म्हणून याचा त्याहून खोल, २०० फुटांवरून ६०० फुटांवर गेले. २०१२-१३ चा दुष्काळ आला तेव्हा मी तिथे गेले तर पारावर टँकरची वाट बघत हंडे मांडलेले, चांगले पन्नासेक, रांगेत. चर होते, बांध होते, डोंगर हिरवा होता, आणि प्यायला पाणी नव्हतं! देखभाल निधीचं पासबुक मागितलं, १ लाख ८४ हजार शिल्लक, पाच वर्षांत व्याजाशिवाय एकही एंट्री नाही. विचारलं का, तर समितीचा सचिव चाकणला कंपनीत लागलाय, दोन सह्या लागतात, तो दिवाळीला येतो तेव्हा बँक बंद असते. हसू की रडू कळेना. ही चूक गावाची नव्हती, आमची होती, आम्ही बांधकामाचे सगळे कागद केले आणि 'आम्ही गेल्यावर सही कोण करणार' एवढं विचारलं नाही.

आणि दुसरी गोष्ट मला त्याच गावात एका मावशींनी ऐकवली, ती तर अजून डोक्यातून जात नाही. भूमिहीन, नवरा गेलेला, सात शेळ्यांवर घर. आम्ही चराईबंदी केली, ती करावीच लागते नाहीतर डोंगरावर काही उगवत नाही. त्या म्हणाल्या, "ताई, डोंगर तुम्ही बंद केला, गवत वाढलं, झाक झालं. ते गवत गेलं म्हशीवाल्याला. माझ्या शेळ्या गेल्या बाजाराला. आन् पाणी आलं ते ज्याची हीर हाय त्याच्या हिरीत. मला काय आलं ते सांगा." मी काय सांगणार? तुम्हाला कामावर मजुरी मिळाली की, असं मी म्हणाले. दोन वर्षं मिळाली, नंतर? असं त्यांनी विचारलं, मी गप्प बसले.

म्हणजे बघा, पाणलोटाने गावाचं उत्पन्न वाढतं पण ज्याच्याकडे जमीन त्याचं जास्त वाढतं, विहीर असेल तर आणखी जास्त, आणि जो सगळ्यात गरीब आहे त्याला मजुरीचे दिवस मिळून विषय संपतो. विकास झाला, गरिबी तिथेच. प्रपोजलमध्ये हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेले असतात म्हणून ते एकाच कामाने होतात असं समजू नका.

यावर उत्तर कोणी शोधलंच नाही असं अजिबात नाही, ते आपल्याकडेच आहे. विलासराव साळुंखे, पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार, १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावात पाणी पंचायत उभी केली. त्यांचा नियम असा की पाणी एकराप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस नाही, म्हणजे नाहीच. त्यांच्या सगळ्या स्कीम टिकल्या नाहीत हे पण खरंय, पण पाण्याचा वाटा माणसाला द्यायचा हा विचार पन्नास वर्षांपूर्वी एका दुष्काळी तालुक्यात प्रत्यक्ष करून दाखवला गेलाय, त्यामुळे कोणी 'प्रॅक्टिकल नाही ताई' म्हणालं की मी नायगावचं नाव घेते.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी पण मोठी झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी त्याआधीच सांगली जिल्ह्यात विसापूरला प्रयोग केला होता, ७२ मध्ये तीच कल्पना कामाला आली, पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की द्यायचं, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा. २००५ चा केंद्राचा कायदा याच पायावर उभा राहिला. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की मजुरीची कामं जमेल तितकी सरकारी रोजगार योजनेतून मिळवा, ग्रामसेवक आणि तहसील कार्यालयात खेटे घालायला एक माणूस ठेवा, आणि तुमचे ६० लाख अशा गोष्टींना राखा ज्यांना सरकार पैसे देत नाही. जेसीबीला तर अजिबात नको. पोकलेन तीन दिवसांत नाला खोल करून जातो आणि गावातल्या एकाही माणसाला वाटत नाही की हे माझं आहे.

राज्य सरकारची जलयुक्त शिवार योजना आठवत असेलच. दरवर्षी ५ हजार गावं घेऊन २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचं होतं, ९,६०० कोटींच्या वर खर्च झाला, आणि २०२० मध्ये कॅगने (सरकारी खर्च तपासणारी संस्था) म्हटलं की पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात फारसा फरक पडला नाही. मी योजनेच्या विरोधात नाही, काही गावांत फार चांगली कामं झालीत, पण उपशावर कोणाचा हात नसेल तर पुनर्भरण म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. शेततळ्यांचं पण तेच. शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं, असं मला वाटायचं. आता बघा, मोठ्ठा खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, आणि नोव्हेंबरमध्ये बोअर रात्रंदिवस चालवून ते भरायचं, म्हणजे सगळ्यांचं जमिनीखालचं पाणी उपसून एकाच्या सातबाऱ्यावर उन्हात ठेवायचं. निम्मं नाही तरी बरंच उडून जातं. ज्याला परवडतं त्याची द्राक्षं जगतात, त्याला मी दोष नाही देत, त्याच्या जागी मी असते तर मी पण केलं असतं, नियम नसेल तर शहाणा माणूस हेच करतो.

हिवरे बाजारला सगळे ट्रिपला जातात, फोटो काढतात, येताना जेवून येतात. तिथे बघायचं काय असतं तर वर्षाच्या वर्षाला ग्रामसभेत पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, पुढे बोटावर मोजण्याइतकी राहिली. पण हेही बघा की पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले आणि तेव्हापासून तिथेच आहेत. तुमच्या प्रोजेक्ट मॅनेजरची बदली कधी आहे?

आता त्या मावशींचं काय करायचं. यावर पण बऱ्यापैकी पक्कं उत्तर आहे आणि ते बांगलादेशातून आलंय. ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब बायकांसाठी एक पद्धत सुरू केली, की शेळ्या-गाय असं काहीतरी कमावतं जनावर द्यायचं, ते कमवायला लागेपर्यंत घरखर्चाला थोडे पैसे द्यायचे म्हणजे ती ते विकून खाणार नाही, बचत, थोडं प्रशिक्षण, आणि साधारण दोन वर्षं दर आठवड्याला कोणीतरी घरी जाऊन बसायचं. सहा देशांत याची तपासणी झाली, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले, बहुतेक ठिकाणी फरक पडला आणि मदत थांबल्यावर पण वर्षभर टिकला. पश्चिम बंगालमधल्या बायकांना तर १० वर्षांनी जाऊन विचारलं, तेव्हा पण त्या पुढेच होत्या. बिहार सरकारने २०१८ पासून याच धर्तीवर सतत जीविकोपार्जन योजना चालवली. नुसती शेळी वाटली तर ती आजारपणात नाहीतर लग्नात विकली जाते, आपल्याकडे वाटपाच्या शेळ्यांचं काय होतं सगळ्यांना माहितीये. यात दर आठवड्याला घरी जाणं हाच सगळा जीव आहे आणि बजेट कापताना नेमकं तेच पहिलं कापतात, कारण त्याचा फोटो येत नाही.

मोजायचं काय हा पण प्रश्न येतो. नीती आयोगाच्या हिशोबाने २०१३-१४ ते २०२२-२३ मध्ये देशात २४.८२ कोटी लोक बहुआयामी गरिबीतून बाहेर आले. हा आकडा खोटा नाही, शौचालय, वीज, गॅस, बँक खातं, हे घरोघरी पोचलेलं मी डोळ्यांनी बघितलंय आणि बायकांचं जगणं त्याने खरंच सोपं झालं. पण त्यात उत्पन्न मोजत नाहीत. त्यामुळे घरात नळ आहे, गॅस आहे, खातं आहे, आणि दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून नवरा-बायको ऊसतोडीला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बीडमध्ये जोडप्याला मिळून एक 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, आजारी पडलं तर खाडा कापतात, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीचा कोयता आत्ताच विकला गेलेला असतो. म्हणून मी कोणत्याही गावात दोनच गोष्टी मोजते, मे महिन्यात पिण्याच्या विहिरीत पाणी किती आणि डिसेंबरमध्ये कुलपं किती. कुलपं मोजायला सर्व्हे एजन्सी लागत नाही, सकाळी एक फेरी मारली की झालं, शाळेतल्या गुरुजींकडे पट बघितला की पुन्हा खात्री.

तर ६० लाखांचं मी काय केलं असतं. निम्मे पाणलोटाला, ते पण मजुरी दुसरीकडून मिळेल असं धरून, साहित्याला आणि चांगल्या इंजिनिअरला. पंधरा-सोळा लाख गावातल्या सगळ्यात गरीब ३०-३५ घरांना वर सांगितलेल्या पद्धतीने, घरं कोणती हे बचत गटाच्या बायकांनी गावाचा नकाशा रांगोळीने काढून ठरवायचं, सरपंचांच्या यादीवरून नाही. चराईबंदीच्या बदल्यात त्याच घरांना डोंगरावरचं गवत कापायचा पहिला हक्क, हे ठरावात. उरलेल्यात गावातलीच दोन मुलं-मुली पूर्ण वेळ पगारावर ठेवा, पर्जन्यमापक, विहिरींचं माप, आणि काही रक्कम देखभाल निधीत, पण सह्या गावात राहणाऱ्या दोन बायकांच्या. बायका चाकणला जात नाहीत असं नाही, पण कमी जातात.

गाव निवडताना आधी श्रमदान मागा, चार दिवस. नगरकडे जर्मन मदतीच्या कार्यक्रमात फादर बाखर आणि नाबार्डच्या लोकांनी हीच शिस्त लावली, आधी घाम मग मंजुरी. पण मी त्यात एक बघते, मोठ्या बागायतदाराच्या घरचं कोणी टिकाव घेऊन आलंय का. गडी पाठवला असेल तर समजून जा. आणि ज्या गावचे पुढारी तुम्हाला घ्यायला स्टँडवर गाडी पाठवतात ते गाव शक्यतो नको, हा माझा पूर्वग्रह आहे, असू दे.

पाणी वाटपाचा आणि पीकबंदीचा ठराव पहिला दगड लागायच्या आधी ग्रामसभेत, कोरम पूर्ण असताना, प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या आणि सह्या-अंगठ्यांसकट प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाणी आलं की प्रोसिडिंग बुक हरवतं. माझ्यासमोर दोनदा हरवलंय.